उलटं पाऊल

अजनीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही नऊ पुरुष
आणि दोन बाया. त्यातली एक मे महिन्यात येत नाही.
कूलर हवा कमी देतो, आवाज जास्त.
ऑब्री सर, रिटायर्ड लोको फोरमन, वय चौऱ्याहत्तर,
खडूनं फरशीवर पावलं काढतात
आणि मला म्हणतात, "बारापात्रे, आज तू बाई हो."

कोणी हसत नाही. हसलो तर मीच.

"तिकडे बंदरावरही असंच होतं.
जहाजांतून उतरले ते बहुतेक बाप्ये.
बाईसमोर उभं राहायचं तर आधी
बाप्याच्या छातीला छाती लावून शिकावं लागे.
महिनोन् महिने उलटं चालायचं,
मग कोणीतरी म्हणायचं, हं, आता तू ने."

पहिला टँगो गुडघ्यांत वाकलेला होता,
शहराच्या कडेचा, ढोलाचा ठेका पोटात ठेवून,
गालाला गाल, नजर खाली,
जणू दोघं मिळून एकच पडलेलं नाणं शोधतायत.
मग तो पॅरिसला गेला आणि कोट घालून परत आला.
पाठ ताठ झाली. पाऊल लांबलं.
ज्या घरांनी त्याला दार लावलं होतं
त्यांनीच दिवाणखान्यातले गालिचे गुंडाळले.
सरांचा जीव या चालीवर:
"स्टेशनात गाडी घ्यावी तशी. प्रवाशाच्या कपातला
चहा हलला नाही पाहिजे."

पुढे हॉल इतके भरले
की लांब पावलाला जागाच उरली नाही.
"दिवाळीआधी इतवारीतून
सुताचा गठ्ठा घेऊन कसा चालतोस तू?"
"आंग चोरून, सर."
"झालं. तीच स्टाइल."
दोघं एकमेकांवर रेललेले, पत्त्यांच्या घरासारखे;
एक काढला की दुसरा पडलाच.

मग लष्कर आलं. जमावाची भीती आली.
पोरं दुसऱ्याच गाण्यांवर हलू लागली,
आणि टँगो कितीतरी वर्षं
म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांत लपून बसला.

आता ढोबळ्यांचा वेदांग मोबाइलवर दाखवतो:
मिठी सुटलेली, पाय हवेत,
बाई तोल सोडून अशी कललेली की आम्हीच श्वास धरतो.
सर चष्मा पुसतात. पुन्हा बघतात.
"चांगलं आहे. मला जमलं असतं तर मीही केलं असतं."

मी मात्र तिकडे नव्हतोच.
माझा हात सरांच्या खांद्यावर, डोळे मिटलेले,
टाच मागे जमीन चाचपत होती,
आणि मला बाबांची टाच दिसली.

दिवसभर मागाच्या खड्ड्यात पावडी दाबणारी,
रात्री गंमतीत घुंगरू बांधणारी.
खडी गंमत: डफ, तुणतुणं, चोणका,
आणि आईचं हिरवं लुगडं नेसलेले बाबा.
शाहीर अंगावर चालून यायचा,
बाबा मागे, मागे, वळून न बघता,
खडीगोट्यांच्या चौकात,
आणि एकदाही पडले नाहीत.
"काऊन बे, तुहा बाप बाई होय का?"
मी सातवीत होतो. त्या वर्षी
गोळीबार चौक टाळून लांबच्या रस्त्यानं घरी जायचो.
वळून न बघता मागचं कसं दिसतं,
हे त्यांना विचारायचं राहिलं.
विचारलं असतं तर सांगितलंही असतं,
बिडी विझवून, दोनच शब्दांत.

"मागे बघू नको," सर म्हणाले,
"मागचा रस्ता पुढच्याच्या छातीत असतो."

तेवढ्यात लाइन गेली.
कूलर निवला, स्पीकर गप्प.
यार्डात कुठल्यातरी इंजिनानं शिट्टी दिली,
अर्धवट, जशी शंटिंगला देतात.
सर थांबले नाहीत. मीही नाही.
खडूची पावलं अंधारात केव्हाच संपली होती.

कोणीतरी मोबाइलचा दिवा लावला.
"बस करा ना बाप्पा, उकडून राहिलं."

"अजून एक," मी म्हणालो.
"मीच मागे."